ड्रिलच्या दिवशीचे चणे

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा तो वास! सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं आणि नाकाला झोंबला. कौशिकला गदागदा हलवलं. त्यानं बनियनवरच गॅलरीत जाऊन हुंगलं. "मधू, खाडीचा वास आहे. ओहोटी लागली की येतो." आणि परत झोपला. कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरला इतकी गाढ झोप लागू नये. पण लागते.

मी ओला पंचा नाकाला लावून बसून राहिले. अमोनिया पाण्यात विरघळतो, म्हणून ओलं फडकं. लग्नानंतर नवऱ्यानं शिकवलेली पहिली गोष्ट ही. बाकीच्यांचे नवरे सिनेमाला नेतात.

चेन्नईजवळच्या एन्नोरच्या या कॉलनीत येऊन चार वर्षं झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कारखान्याची अमोनियाची टाकी दिसते – पांढरी, गोल, घुमटासारखी. ती फुटली तर आधी काय उचलायचं, कुठे पळायचं, हे पोळ्या लाटताना रोज एकदा मनात करून बघते. कुणाला सांगत नाही. हसतील.

४ फेब्रुवारी, बुधवार

शर्मिष्ठाचा पुण्याहून फोन. मुलांच्या इंग्रजी-मराठी कोशाची ती संपादक, आणि 'डी' अक्षर माझ्या गळ्यात. "बाई, कुठवर आलात?" ड्रीम झालं, ड्रेस झाला, ड्रिफ्ट झालं. आता ड्रिल.

म्हणजे भीती आता टेबलावरही येऊन बसली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

केवढा पसारा आहे या एवढ्याशा शब्दाचा! भोक पाडायचं यंत्र ते ड्रिल. मूळ डच, अर्थ गरगर फिरवणं. मग शिपायांना मैदानात गरगर फिरवायला लागले, तेही ड्रिल. आपण त्याला कवायत म्हणतो. कवायत मूळची अरबी, म्हणजे नियम. कायदा तिचा सख्खा भाऊ. शिंपल्याला भोक पाडून आतलं मांस खाणारी गोगलगाय, तीही ड्रिल. आफ्रिकेतलं एक माकडसुद्धा, पण ते नाव बहुधा तिकडचंच, या घराण्यातलं नाही.

जाड कापड ते ड्रिल. कौशिकचा खाकी गणवेश त्याचाच. हे मात्र लॅटिनमधून, जर्मनमार्गे आलेलं – तीन धाग्यांचं विणलेलं. आणि पेरणीचं अवजारही ड्रिल! त्याचं मूळ नक्की ठाऊक नाही म्हणतात. आपली तिफण ती. बार्शीला मामाच्या शेतात तिच्यामागे चालायचे. तीन फणांची तिफण, तीन धाग्यांचं कापड. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी दिवसभर बरं वाटलं. वासाची आठवणही झाली नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज ड्रिल होती. कारखान्यातली.

पूर्वी सायरन वाजला तरी मैदानावर कुत्रं फिरकत नसे. मग लेडीज क्लबनं सुंडल आणि ताक ठेवायला सुरुवात केली. ड्रिल संपली की द्रोणात सुंडल – चणे, खोबरं, कैरीचे तुकडे. आता गुडघेदुखीवालेसुद्धा येतात. नियमानं ड्रिल आधी सांगायची नसते. पण चणे आदल्या संध्याकाळी भिजवावे लागतात. त्यामुळे कॉलनीभर कळतंच. आमच्या जिन्यात तर पहिला प्रश्नच तो – "चणे भिजवले का?"

वरच्या मजल्यावरचे बालाजीराव टोपी घालून सगळ्यात आधी हजर. तंजावरकडचे, मुलानं कारखान्यात नोकरी धरली म्हणून इथे आलेले. त्यांचं मराठी ऐकताना मला पणजोबा बोलताहेत असं वाटतं. "मधुवंतीबाई, अस्के आले, तुम्हीच मागं राहूलात!" अस्के म्हणजे सगळे. मागून त्यांच्या सरोजाबाई, हातात स्टीलचा डबा. उरलेलं सुंडल घरी न्यायला.

कौशिकनं तो डबा बघितला. घरी येऊन बूट भिरकावले. "ही ड्रिल नाही, डोहाळजेवण आहे. खऱ्या वेळेला ही माणसं चण्यांची वाट बघत मरतील."

असं बोलू नये. संध्याकाळच्या वेळी तर नाहीच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वास नाही. तरी दोनदा खिडक्या लावल्या, उघडल्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कौशिकनं जेवताना हळूच सांगितलं. पुढच्या आठवड्यात अचानक ड्रिल. क्लबला कळवायचं नाही, चणे नाहीत, ताक नाही. "तुला सांगतोय, कारण तू घाबरून जीव देशील. कुणाकडे बोलायचं नाही."

"कुठल्या दिवशी?"

"ते नाही सांगणार. तुझ्या चेहऱ्यावर सगळं उमटतं."

खरं आहे. पण एवढं पुरे. चणे न भिजवताच सायरन वाजेल आणि तरी तो ड्रिलचा हे एकट्या मला आधीच माहीत असेल! रात्री शांत झोपले.

१५ फेब्रुवारी, रविवार

सरोजाबाई कढीपत्ता मागायला आल्या. बालाजीरावांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालंय, जिना चढताना थांबतात. म्हणाल्या, "ह्यांचं काळीज नाजूक, मा. कुकरची शिट्टी वाजली तरी दचकूलेत." माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. पण मग सारखं वाटत राहिलं – चणे न भिजवता एकदम सायरन वाजला, तर त्या म्हाताऱ्याचं काय होईल? या ड्रिलपायीच जायचा एखादा. कौशिकला हे म्हटलं तर म्हणाला, "गॅस काळजं बघून येत नाही."

१८ फेब्रुवारी, बुधवार

सायरन वाजतोय! खालीवर, खालीवर. आणि मी लिहितेय. हात कापत नाहीये. बघून घे, मधुवंती.

कौशिकला फोन लावला, उचलला नाही. ड्रिलमध्ये उचलतच नाही तो. कापडाच्या अर्थाची शेवटची ओळ लिहून मैदानावर जाईन. सुंडल नाही, तर घाई कसली?

दाराशी बालाजीराव येऊन गेले. पायात चपला नाहीत. मागे सरोजाबाई, जिन्यात बाकीचे. समोरच्या इमारतीतली माणसं तर पोरं काखोटीला मारून पळत होती. "चणे कोणीच भिजिवले नाहींत. अस्के भिऊलेत. हे खरंच, मा?" हात बर्फासारखा गार. ओठ निळसर. ती भीती मी ओळखते, चार वर्षं माझ्याच घरात राहते ती. मला राहवलं नाही. त्यांचा हात धरून सांगून टाकलं. "काका, ड्रिलच आहे. अचानक ठेवलीय. ह्यांनीच सांगितलंय मला. तुम्ही पळू नका, वर जाऊन पाणी प्या."

केवढे हसले! वर तोंड करून जिन्यात ओरडले, "ड्रिल दान्! ड्रिल दान्!" – ड्रिलच आहे म्हणून. सेफ्टी ऑफिसरच्या बायकोचा शब्द. एकेक दार बंद झालेलं ऐकू आलं. एका माणसाची तरी भीती घालवली मी आज. बरं वाटतंय.

वास येतोय. ओहोटी असेल.

खिडकीतून खाडी दिसतेय. काठोकाठ भरलीय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हॉस्पिटल. डोळे चुरचुरतात, अक्षर नीट दिसत नाही. मैदानावर पोचलेल्या कुणाला काही झालं नाही. बाकीचे जिने चणे नाहीत म्हणून जीव घेऊन पळाले. इथे आहे तो सगळा आमचा जिना. सरोजाबाई पलीकडच्या खाटेवर, नळ्या लावून. मला बघितलं की मान वळवतात. बालाजीरावांचं दहन काल संध्याकाळी उरकलं.

कौशिक आज आला. गणवेश तसाच, दोन दिवसांचा. खाटेशी उभा राहून म्हणाला, "आपल्या जिन्यातलं कुणीच कसं बाहेर आलं नाही?" मी सांगितलं. सगळं सांगितलं.

तो स्टुलावर बसला. म्हणाला, "माझी ड्रिल आज होती."