तात्यांचं मशीन खाली नेलंय

बाळा,

गॅलरीत तात्यांचं वेल्डिंगचं मशीन दिसलं नाही म्हणून घाबरू नकोस, आणि खूशही होऊ नकोस. ते भंगारात गेलेलं नाही. वॉचमनला हाताशी धरून मी ते खाली नेलंय. तू बोलावलेला भंगारवाला येईल, त्याला तुझी गंजकी सायकल दे आणि वाटेला लाव.

काल तू विचारलंस, "आई, तुला हे झेपणार आहे का?" मी बोलले नाही, कारण तोंडात घास होता. आता सांगते. तात्यांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून त्यांच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचे टाके मीच मारत होते. तुला वाटायचं, मी माझ्या वडिलांना डबा द्यायला जाते. शेवटी त्यांनी मशीन मला दिलं ते आठवण म्हणून नाही, वापरायला दिलं. जुनं असलं तरी आतली गुंडाळी तांब्याची आहे. केबल आणि होल्डर मी नवे घातलेत, अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलंय.

दुसऱ्या मजल्यावर जिन्याचा कठडा निखळलाय. शेजारच्या आजी भिंतीला चिकटून उतरतात, ते मला बघवत नाही. आज तो मी जोडणार आहे. खाली उतरताना वेल्डिंगच्या उजेडाकडे बघत उभा राहू नकोस, डोळ्यांना त्रास होईल. जेवण झाकून ठेवलंय.

संध्याकाळी वर येताना कठड्यावर अंगाचा सगळा भार टाकून बघ. जरा जरी हलला तर मशीन खुशाल विक, मी एक शब्द बोलणार नाही.

आई