बंदुकीवर कोणती दुर्बीण?

क्लिपफोन्तेन शेत, ६ ऑगस्ट

ती. सीनाताईस बारेंडचा सा. नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. लोकरीची लॉरी उद्या शहराकडे निघेल, ड्रायव्हरपाशी देतोय. शेतावरच्या रेडिओवर बोललो असतो, पण तो सगळे शेजारी ऐकतात आणि सध्या मला कोणी ऐकायला नको आहे.

ताई, कोकरं जातायत. तीन आठवड्यांत अकरा. कोल्हेच असणार. शेजारच्या लूरेन्सनं त्याची थर्मल दुर्बीण बंदुकीवर लावायला दिलीय, पण उसन्या वस्तूवर किती दिवस काढायचे? तू तीस वर्षं भावजींच्या दुकानात दुर्बिणी बसवल्यास. रात्री चारशे मीटरवर नेम धरता येईल अशी कोणती घेऊ? लूरेन्स म्हणतो, थर्मलच घे, एक गोळी आणि कटकट संपली.

दाविदकाका बरे आहेत, बाबांच्या वेळेसारखे अजून आपल्या मेंढ्यांमागे राबतात. बायको, आपली मेरीकाकू, गेल्यापासून फारसं बोलत नाहीत. माझे डोळे अधू झालेत असा टोमणा मारणार असशील तर पुढच्या पत्रात मार, आधी दुर्बिणीचं सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा, बारेंड


बोफर्ट वेस्ट, ११ ऑगस्ट

चि. बारेंडास अ. उ. आशीर्वाद.

डोळे अधू झालेत ते तुझे नाहीत, माझे. तरी पत्र दोनदा वाचलं. त्यात अकरा कोकरं आहेत, पण मेलेलं एकही नाही. कातडं नाही, खूर नाहीत, रक्ताचा डाग नाही. कोल्हा इतकी स्वच्छता कधीपासून ठेवायला लागला?

आणि कोकराचा आवाज काढून कोल्ह्याला बोलावलं की तो दीडशे मीटरवर येतो, हे तुला बाबांनी शिकवलंय. मग चारशे मीटरवर तुला काय मारायचंय?

थर्मलमध्ये अंगातली ऊब दिसते, म्हणजे काळ्यावर पांढरा डाग. शोधायला तिच्यासारखी वस्तू नाही. पण चेहरा तिला कळत नाही. नाइट व्हिजनच्या दुर्बिणीला डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा टॉर्च असतो. ती लांबवर चालत नाही, पण जवळ आलेल्याचे कान, शेपूट, दाढीसुद्धा दाखवते. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य हेच सांगायचो, की आधी ओळख पटू दे, चाप मग.

तुला कोणाचा संशय आहे? मला फिरवू नकोस, सरळ लिही. तोवर मी दुर्बीण पाठवणार नाही. सोबतच्या डब्यात रस्क आहेत, एकट्यानं संपवू नकोस, दाविदकाकांना दे.

काळजीत असलेली,
सीनाताई


क्लिपफोन्तेन, १७ ऑगस्ट

ती. ताईस सा. नमस्कार.

तुझ्यापासून काही लपत नाही. संशय दाविदकाकांचा आहे.

त्यांनी आपल्याला खांद्यावर खेळवलं, हे मला सांगू नकोस, मला माहीत आहे. पण कोकरं दूरच्या कुरणातून जातात आणि तिथली वाट त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नाही. रात्री ते घरात नसतात. विचारलं तर म्हणतात, झोप येत नाही.

मागच्या मंगळवारी मी टेकडीवर बसलो होतो. थर्मलमध्ये मेंढ्यांत फिरणारा माणूस दिसला. चापावर बोट होतं, ताई. मेंढ्या मध्ये आल्या म्हणून थांबलो. सोमवारीही तोच दिसला; दोन्ही सकाळी मोजणी मात्र बरोबर भरली. गुरुवारी पक्कं धरलं असतं, पण दर गुरुवारी दुर्बीण लूरेन्सला लागते. आणि नेमकं शुक्रवारी सकाळी मोजावं तर कोकरं कमी!

रस्क काकांना दिले नाहीत. समोर जायचा धीर होत नाही.

रागावलीस तरी उत्तर लिही.
बारेंड


बोफर्ट वेस्ट, २१ ऑगस्ट

चि. बारेंड,

आशीर्वाद नंतर. स्वतःचंच पत्र पुन्हा वाच. ज्या रात्री तुला माणूस दिसला, त्या रात्री किती कोकरं गेली? एकही नाही. ज्या रात्री गेली, तेव्हा तुझ्याकडे दुर्बीण नव्हती. ती कोणाकडे होती?

मी उगाच कोणावर आळ घेत नाही, पण मला त्या उसन्या वस्तूचाच वास येतोय. सोबत नाइट व्हिजन पाठवतेय. ती हातात धरून बघायची आहे, बंदुकीवर बसत नाही, मुद्दामच तशी निवडलीय. गुरुवारी बंदूक कपाटात कुलूप लावून ठेव आणि कुंपणाजवळ दाविदकाकांना शेजारी घेऊन बस. एकटा बसलास तर तुला भलतंच दिसेल.

वाट बघतेय, वेळेवर कळव.
सीनाताई


क्लिपफोन्तेन, ३० ऑगस्ट

ती. ताईस सा. नमस्कार.

लूरेन्सच होता. दिवे बंद केलेली गाडी कुंपणाबाहेर, तार वाकवलेली, दोन्ही काखांत कोकरं. मी हाक मारली तेव्हा कोकरं टाकून पळाला. सकाळी पोलिसांना त्याच्या गोठ्यात आपली सात कोकरं सापडली, कानावरच्या खुणा ताज्या कापलेल्या. बाकीची विकली म्हणे.

दाविदकाका रोज रात्री कुरणात राखण करत होते. मला कोल्ह्यांचा ध्यास लागलाय, सांगून ऐकणार नाही, म्हणून आपणच जात होते. गुरुवारी लूरेन्स थर्मलमधून ते कुठे आहेत ते बघायचा आणि दुसऱ्या टोकानं शिरायचा.

मी त्यांना सगळं सांगितलं, मंगळवारचंसुद्धा. त्यांनी कॉफी संपवली, मग म्हणाले की त्यांना माहीत होतं. त्या रात्री त्यांचा कुत्रा टेकडीकडे बघून शेपूट हलवायला लागला, तेव्हाच त्यांना कळलं की वर मी आहे. म्हणून मला ओळख पटावी यासाठी त्यांनी टोपी काढली आणि तोंड माझ्याकडे करून उभे राहिले.

थर्मलमध्ये डोक्याचा डाग एकदम उजळला होता, ताई. मला वाटलं, चोर सावध झाला. बोट चापावर गेलं ते तेव्हाच.

काका अजून इथेच आहेत, काम करतात, रागाचा शब्द नाही. फक्त अंधार पडल्यावर घरी जाताना आता मोठ्यानं शीळ घालत जातात, थेट दार लागेपर्यंत. मी ओसरीवर बसून ती ऐकतो.

लोभ ठेव असं म्हणायचं तोंड नाही. ठेवलास तर तुझा मोठेपणा.
बारेंड