बांगड्यांच्या पाटीतलं टपाल

आई, तू मोताळ्याचा बाजार आटोपून गावोगाव बांगड्या भरायला जायचीस, तेव्हा पाटीतल्या गवताखाली सासुरवाशिणींच्या चिठ्ठ्या असायच्या. पोस्टमन पत्र दारात सासूच्या हाती देई आणि ते सगळ्यांसमोर वाचलं जाई. तू मात्र मनगट हातात घेता घेता चिठ्ठी सरकवायचीस. बदल्यात कोणी पसाभर ज्वारी द्यायचं.

मग एका बाजारी टपालाचे साहेब आले. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन तुझ्याशेजारी बसले होते. ते समोर उकिडवे बसून शांतपणे म्हणाले, “बाई, मोबदला घेऊन पत्रं नेण्याचा हक्क फक्त सरकारी टपालाला आहे.”

“काऊन? मी त लवकर पोचवतो.”

“सोयीची पत्रं आज तुम्ही नेता, उद्या मोटारवाले नेतील. मग आडवळणाच्या गावातल्या एका पत्रासाठी आमचा माणूस कुठल्या पैशांवर चालत जाईल?”

तू पाटीतलं गवत सारखं केलंस. “मंग फुकट नेतो.”

“फुकट न्या. माझी हरकत नाही.”

तू चिठ्ठ्या नेल्यासही. पण फुकटचे उपकार बायकांना जड जाऊ लागले, एकेक करून त्या थांबल्या. नळगंगेकाठच्या एका सुनेनं आपलं गाऱ्हाणं कार्डावर लिहून पेटीत टाकलं. माहेरचं उत्तर सासूनं वाचून घेतलं, आणि तिला बाळंतपणालाही पाठवलं नाही. पुढच्या खेपेला तिनं तुझ्याकडून बांगड्या भरून घेतल्या, पण वर पाहिलं नाही. घरी येऊन तू म्हणालीस, “ज्वारी घेत राह्यलो असतो, त तिनं चिठ्ठी मलेच देल्ली असती.” त्या दिवशी तू जेवली नाहीस.

पुढे मी पोस्टातच लागले. तुला ते आवडलं की नाही, तू कधी बोलली नाहीस. तू गेल्यावर कुरियरवाले आले. शेगाव, खामगावची पाकिटं ते झटपट पोचवतात, तुझ्या त्या गावांना मात्र जात नाहीत. तिथं अजून आमचाच माणूस सायकल हाणतो. निवृत्त होईपर्यंत नव्या पोरांना मी साहेबांचंच म्हणणं समजावत आले. तरी ते सांगताना ती खाली मान घातलेली सून डोळ्यांपुढे यायची, आणि माझा आवाज उतरायचा.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. साहेब बरोबर होते असं मला त्या बाजारातही वाटलं होतं, आई. तुझ्याकडे बघून मी बोलले नाही, एवढंच.