चौथ्या मजल्यावर एकटा गेलेला पाव

तीर्थरूप सासूबाईंना,

जावयाचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे प्रत्यक्ष घातलेला नाही, पण पोचला असं धरून चालावं). पत्र लिहिण्यास तसं खास कारण नाही. म्हणजे आहे, पण ते सुरुवातीलाच सांगितलं तर आपण पुढचं वाचणार नाही, हे मी एकतीस वर्षांच्या अनुभवाने जाणून आहे.

आपली प्रकृती कशी आहे? कंबर काय म्हणते? काठी हाताला बसली का? मोठ्या ताई सांगत होत्या की आपण दिवसभर खिडकीत खुर्ची टाकून रस्त्याने जाणाऱ्या लोकांचे भांग वरून तपासता, आणि एकाचाही सरळ नाही असं आपलं मत पडलं आहे. हे ऐकून बरं वाटलं. माणूस नावं ठेवायला लागला की प्रकृती सुधारत आहे असं समजावं. साडूभाऊंच्या पाठीलाही उतार पडल्याचं कळलं. (हिवाळ्यात आपल्याला खुर्चीत बसवून चार मजले चढवले, तेव्हा जिन्यात खालची बाजू त्यांच्याकडे होती आणि वरची मी मागून घेतली होती. वजन कुठे येतं हे मला धंद्यामुळे ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. हे त्यांना कळवू नये.)

आता बरणीविषयी. इस्पितळातून थेट मोठ्या ताईंकडे जाताना आपण मला घराची किल्ली आणि आपल्या खमिराची बरणी दिलीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की यापुढे बराच काळ जिना नाही. आपण म्हणालात की लिफ्टमध्ये तर पाऊल टाकणार नाही. म्हणजे जमिनीशी आपला संबंध संपला, असा हिशेब आपणच मांडलात आणि वर म्हणालात, "बाग बघा नाहीतर तण माजू द्या. बरणीतलं जगलं तर जगलं." चाळीस वर्षं जिवंत ठेवलेली वस्तू पोटच्या दोन मुली सोडून आपण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या जावयाच्या हातात दिलीत. हा विश्वास होता की उद्वेग, याचा मी अजून विचार करतो आहे. औषधाच्या चिठ्ठीमागे आपण तीन सूचना लिहिल्या होत्या. रोज खायला घाला. उबेत ठेवा. रबराकडे लक्ष ठेवा.

सासूबाई, तिसऱ्या सूचनेने घात केला. बरणीच्या मध्यावर आपण लावलेलं ते लाल रबर म्हणजे खमीर जिथून निघालं ती खूण, आणि तिथून ते किती चढलं हे बघायचं, ही गोष्ट जगात सगळ्यांना माहीत आहे असं आता कळतं. पण माझं उभं आयुष्य लिफ्टमध्ये गेलं. आमच्याकडे वर जाणाऱ्या वस्तूला खूण लावली की तिचा अर्थ एकच : याच्यावर गेलं तर अपघात. तेव्हा मी रोज सकाळी पीठ-पाणी घालायचो, आणि दुपारी खमीर रबराच्या वर जायला लागलं की चमच्याने खाली दाबायचो. ऐकलं नाही तर वरचं खरवडून परसातल्या बादलीत टाकायचो. तिसऱ्या दिवशी मी जुन्या लिफ्टची एक घंटा काढून बॅटरीला जोडली आणि रबराच्या उंचीवर दोन तारा सोडल्या, म्हणजे खमीर हद्दीला टेकलं की घंटा वाजावी. ती रोज दुपारी अडीचला वाजे. तुमची धाकटी (बाग आणि बरणीपायी आम्ही नवरा-बायको सध्या आपल्याच घरी मुक्कामाला आहोत) शाळेतून आणलेल्या वह्या तपासत बसलेली असायची. ती दोनदा दार उघडून आली, तिसऱ्यांदा मला म्हणाली, "अहो, त्या बिचाऱ्याला जरा वर येऊ द्या की." मी तिला हद्द म्हणजे काय हे समजावून सांगितलं (अर्धा तास). असे नऊ दिवस मी आपल्या चाळीस वर्षांच्या खमिराच्या डोक्यावर चमचा मारला.

दहाव्या दिवशी ऊन पहिल्यांदाच खरं निघालं. परसात बादलीचं पत्र्याचं झाकण मी घट्ट दाबून बसवलं होतं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर माझी मोठी पक्कड ठेवली होती. दुपारी जाऊन बघतो तर झाकण वर उचललेलं, पक्कड घसरून कडेला लागलेली, आणि त्या फटीतून नऊ दिवसांचं खरवडलेलं, दाबलेलं, टाकून दिलेलं पीठ फुगून बाहेर डोकावतंय! मी तिथेच पायरीवर बसलो. माझ्या आयुष्यात जे जे वर गेलं ते मी मोटर लावून, दोर ओढून, ग्रीस फासून वर नेलं. इथे ना मोटर, ना दोर, ना तक्रार नोंदवायला वही. नुसतं पीठ, पाणी आणि ऊब. आणि ते सावकाश, कुणालाही न विचारता, पक्कड उचलत होतं. मला हसू आलं आणि भीतीही वाटली. मी (सांगायला लाज वाटते) त्या बादलीला नमस्कार केला. शेजारच्या शिंपीणबाई कुंपणापलीकडे दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्या माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात.

त्या दिवशी मी घंटा काढून टाकली. मग सुरू झाले पाव. पहिल्या पावाबद्दल न बोललेलं बरं. तो सध्या आपल्या मागच्या दाराला टेकवून ठेवला आहे आणि वसंतातला वारा कितीही सुटला तरी दार आपटत नाही. दुसऱ्यात मीठ घालायचं राहिलं. तिसरा वरून कोळसा आणि आतून खळ होता. चौथ्या वेळी मी आपल्या ओव्हनसमोर जमिनीवर उशी टाकून बसलो आणि काचेतून बघत राहिलो. पंधरा मिनिटं काही नाही. मग तो कडेने हलला, मध्ये फुगला, वर दिलेली चीर उघडली आणि तो उभा राहिला. बाहेर काढून जाळीवर ठेवला तर तडतड, तडतड असा बारीक आवाज यायला लागला. मला वाटलं ओव्हनची काच गेली. तुमची धाकटी म्हणाली, "नाही, हे तर आईच्या पावाचं बोलणं. लहानपणी आम्ही दोघी बहिणी ऐकायला ओट्याशी उभ्या राहायचो." आम्ही नवरा-बायको दोघंही पावाकडे कान करून उभे राहिलो. तो पाच मिनिटं बोलत होता. एकतीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं इतका वेळ गप्प पहिल्यांदाच राहिलो असू.

बागेत तर मी अगदीच अडाणी. मुळ्याचं बी मी पट्टी लावून चार-चार बोटांवर पेरलं, आणि जमिनीखाली काम नीट चाललंय ना हे बघायला रोज एक मुळा उपटून, मोजून, परत लावत असे. (तपासणीशिवाय यंत्र चालू ठेवायचं नाही, ही आमच्या खात्याची शिकवण.) शेवटी शिंपीणबाईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "अहो, रोज उसवून बघितलं तर शिवण टिकेल का?" तेव्हा मी हात आवरला. पण वाटाण्याने मला खरा धडा दिला. त्याला चढायला मी ओळंबा लावून अकरा सरळ दोऱ्या बांधल्या. वेल एका केसाचा फरक न करता चढले. बारावा वेल मी मुद्दाम बिनदोरीचा ठेवला, हा काय करतो बघू म्हणून. सासूबाई, तो आंधळ्यासारखा हवेत हात फिरवत राहिला. सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे. चौथ्या दिवशी मी काम करताना सदरा काढून कुंपणावर टाकला आणि विसरलो. दोन दिवसांनी बघतो, तर त्याने सदऱ्याचं बटण शोधून काढलं होतं आणि त्याभोवती तीन वेढे घातले होते! डोळे नाहीत, नकाशा नाही. धरायला काहीतरी असेलच, एवढ्या भरवशावर तो तिथवर पोचला. तो सदरा अजून तिथेच आहे. त्याच्या खिशापाशी काल पांढरं फूल आलं. तुमच्या धाकटीने मला नवीन सदरा आणून दिला, आणि तीही रोज काही ना काही निमित्त काढून कुंपणाकडे जाते.

सांगायचा मुद्दा असा, की तुमची बाग आणि तुमचा ओव्हन यांनी मिळून माझी झोप कमी आणि तोंड उघडं राहण्याचं प्रमाण जास्त केलं आहे. पण या सगळ्यात एक उणीव आहे. पाव फुगतो, पण आपल्यासारखी चव नाही. काय चुकतं ते सांगणारं माणूस चौथ्या मजल्यावर बसून लोकांचे भांग बघतं. दोऱ्यांवरच्या वाटाण्याच्या शेंगा आठवड्याभरात भरतील, मग जून होतील. खुर्चीतून पुन्हा उतरवावं म्हटलं तर साडूभाऊ यंदा कुठली बाजू घेतील याची मला शंका आहे.

लिफ्टवरचा आपला राग मला माहीत नाही असं नाही. त्याला कारण मीच. एकतीस वर्षांपूर्वी, लग्न ठरायच्या आधी, मी बसवलेली पहिलीवहिली लिफ्ट दाखवायला आपल्याला मोठ्या ऐटीत घेऊन गेलो, आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. चाळीस मिनिटं आपण दोघं आत. मी बटणांच्या फळीचा स्क्रू काढतोय, लावतोय, काढतोय, लावतोय. आपण पिशवीतून याच खमिराचा पाव काढून अर्धा मला दिलात आणि शेवटी म्हणालात, "मुलीबद्दल काही विचारायचं असेल तर विचारून टाका, इथे तिसरं कोणी नाही." मी विचारलं, आपण हो म्हणालात, आणि लिफ्ट सुरू झाली. बाहेर पडताना आपण मला म्हणालात, जावई म्हणून तुम्ही चालाल, पण तुमची यंत्रं नकोत. तो शब्द आपण आजवर पाळलात. मी कुठेही काम केलं असलं तरी आपण जिनाच चढलात.

असो. मोठ्या ताईंना नमस्कार, साडूभाऊंना (जपून) आलिंगन. तुमच्या धाकटीचा आपल्याला नमस्कार. पाण्याचे चार शिंतोडे पत्रावर दिसतील, ते अश्रू नव्हेत, वाटाण्याला पाणी घालताना उडाले.

आपला नम्र,
जावई (लिफ्टवाले)

ता. क. सोबत पाव पाठवला आहे. पाचवा. कसा झालाय ते स्पष्ट सांगावं.

ता. क. २. हा पाव आणि हे पत्र चौथ्या मजल्यावर लिफ्टने एकटेच आले आहेत. मोठ्या ताईंनी फक्त वर दार उघडलं. पाव कुठे चेपलेला दिसतो का, बघावं. गेल्या आठवड्यात मी ही लिफ्ट त्यांच्या इमारतीच्या मेकॅनिककडून वरपासून खालपर्यंत उघडून घेतली. ब्रेक बघितला, दोर हाताने चाचपला, मग बागेतल्या मातीची पोती भरून बावीस फेऱ्या केल्या. (पोती आपल्या वजनाच्या अंदाजाने भरली. तो अंदाज काय होता हे लिहायला तुमच्या धाकटीने मनाई केली आहे.) शेवटच्या फेरीत आत फक्त बरणी ठेवली. खमीर त्या वेळी रबराच्या दुप्पट वर होतं. फुगलेलं खमीर नुसतं दार आपटलं तरी खाली बसतं, हे आपल्याला माहीतच आहे. ते चार मजले वर गेलं, चार मजले खाली आलं, आणि तसूभरही बसलं नाही.

ता. क. ३. पाव ज्यावर ठेवून पाठवला ते आपल्या स्वयंपाकघरातलं निळं स्टूल आहे. ते लिफ्टमध्येच राहू द्यावं. ते आपल्याला बसण्यासाठी आहे.

ता. क. ४. हे मी तुमच्या धाकटीलाही कधी सांगितलेलं नाही. एकतीस वर्षांपूर्वी ती लिफ्ट अडकली नव्हती. आत एक लाल बटण असतं, ते मी दाबलं होतं. सगळ्यांसमोर आपल्याकडे मुलगी मागायची माझी छाती नव्हती, म्हटलं पाच मिनिटं थांबवू, धीर गोळा करू. धीर गोळा व्हायला चाळीस मिनिटं लागली, आणि तोही आपणच दिलात. मग बाहेर येऊन खोटं बोललो, आणि पुढे दरवर्षी खरं सांगणं आणखी अवघड होत गेलं. आपण एकतीस वर्षं जिने चढलात, त्यातली एकेक पायरी माझ्या नावावर आहे. माझं चुकलं. लिफ्टचं तेव्हाही काही चुकलं नव्हतं. तेव्हा राग काढायचाच तर त्या बिचारीवर काढू नका, माझ्यावर काढा. मी खाली दाराशीच उभा आहे. या.