कौल उजवा, दुकान नेत्राचे

मी, भगवंत नाथा भोईर, वय वर्षे त्रेपन्न, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार अंबरनाथ पूर्व, मूळ गाव जांभूळ, आज पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणताही आजार नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण मृत्युपत्र हा शब्द ऐकताच माझी पत्नी सौ. सुगंधा हिने डोळ्याला पदर लावला. मजकूर माझा स्वतःचा आहे. वकिलाला दाखवला, त्याने दोन स्वल्पविराम काढले, ते मी परत जागेवर बसवले.

कलम १. राहता फ्लॅट आणि बँकेतील शिल्लक सुगंधाची. बाल्कनीची गळती सोसायटीने काढून द्यायची आहे. सेक्रेटरी विसरल्यास हे कलम त्याला जिन्यात उभे राहून मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम २. जांभूळच्या भातशेतीतला माझा हिस्सा धाकटा भाऊ कैलास याला. आमच्या मातोश्री सगुणाबाई असेपर्यंत तिथल्या घरातली त्यांची खाट कुणी हलवू नये. कैलास पदवीधर आहे, सरकारी कचेरीत आहे, स्वभावाने वाईट नाही. फक्त लग्नकार्यात माझी ओळख करून देताना "हे आमचे दादा" मोठ्याने म्हणतो आणि "मेकॅनिक आहेत" हळू म्हणतो. माझ्या बाराव्याला त्याने हे उलट करावे.

कलम ३. उल्हासनगर कॅम्प पाच येथील माझा स्वकष्टार्जित गाळा, आतील हत्यारे, सुटे भाग, पाटी आणि गिऱ्हाइके यांसह, माझी एकुलती एक मुलगी कु. नेत्रा हिचा. ती कॉलेजात गेली तरी तिचा, न गेली तरी तिचा. तिच्या लेखी संमतीशिवाय तो विकणे, भाड्याने देणे किंवा "जरा वेळ" सांभाळायला देणे चालणार नाही. "जरा वेळ" हे शब्द कैलासचे आहेत, म्हणून अवतरणात.

हे कलम असे का, ते इथेच सांगून ठेवतो. नाहीतर माझ्यामागे जो तो आपापला अर्थ काढील.

मी नववीत शाळा सोडली आणि कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात गठ्ठे उचलायला लागलो. मशीन बंद पडले की मिस्त्री यायचा आणि खोलताना आमच्याकडे पाठ करून बसायचा, कुणी बघून शिकू नये म्हणून. त्यानेच भंगारात काढलेले एक मशीन मी घरी नेले. खोलले, जोडले, एक स्क्रू उरला. परत खोलले. इंग्रजी पुस्तके शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. आज त्या मिस्त्रीचा जावई आपली मशिने माझ्याकडे पाठवतो. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. थोडेसे लिहितो.

त्यामुळे दुकानात कुणी शहाणपणा केला की, "मी कुठल्या कॉलेजात गेलो होतो?" असे विचारायची मला सवय आहे. त्यात गैर काहीही नाही.

नेत्रा यंदा बारावी झाली, मार्कही चांगले पडले. लहानपणापासून शाळा सुटली की ती दुकानातच. कापडाच्या कडा शिवणारे ओव्हरलॉक मशीन एकटी लावते. जांभूळला सगळे जमलो असता कैलास म्हणाला, "दादा, डिग्रीशिवाय आज कोण विचारतं? तिला कॉलेजात घाल. दुकानात आमचा कल्पेश बसेल जरा वेळ."

कल्पेश म्हणजे त्याचा मुलगा. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे त्याला अजून ठरवता आलेले नाही.

नेत्रा तडकन म्हणाली, "मला जायचंच नाही कॉलेजात. पप्पा कुठल्या कॉलेजात गेले होते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाणी मागितले.

मग आईने गावदेवीला कौल लावायचे ठरवले. देवीच्या दोन्ही अंगांना ओली फुले चिकटवतात. उजवे आधी पडले तर होकार, डावे पडले तर नकार. उजवे पडले. गुरवाने घंटा वाजवली, सगळ्यांनी हात जोडले.

मी विचारले, "आई, प्रश्न काय केलास?"

"केला ना. म्हटला, आई, पोरीला कॉलेजान धाडू का दुकानान बसवू?"

आता याला हो म्हणजे काय? कैलास म्हणाला, आधी कॉलेजचं नाव घेतलं, म्हणजे कॉलेज. नेत्रा म्हणाली, शेवटी दुकानाचं घेतलं, म्हणजे दुकान. मी म्हणालो, हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न टाकायला हवा होता, परत लावा. गुरव म्हणाला, "एका कामाला दोनदा कौल नाय लावत." आणि आई म्हणाली, "देवीला समजलाय ना, मंग झाला!" असे म्हणून ती प्रसादाचा नारळ फोडायला बसली.

दुकानात हे सांगितले तर माझे जुने गिऱ्हाईक मनोहरशेठ घाबरले. "अरे साईं, लडकी कॉलेज गयी तो मेरी मशीन कौन देखेगा? तुम तो बोलते बहुत हो, काम तो वोही करती है!" हे विधान अर्धेच खरे आहे.

शेवटी सुगंधा बोलली. "पोरीला कॉलेज नको नाहीये. ती कॉलेजात गेली की दुकान कल्पेशचं होईल, याची धास्ती घेतलीय तिनं. फॉर्म आणून गादीखाली ठेवलाय. मशीनमधली खुट्ट तुम्हाला रस्त्यावरून ऐकू येते, आणि घरातल्या पोरीची नाही?"

प्रवेशाची मुदत येत्या शुक्रवारी संपते. म्हणून हे आजच. तिने जावे की न जावे याबद्दल मला काय वाटते, ते मी लिहिणार नाही. बापाचे मत कागदावर आले की त्याचा हुकूम होतो. तिने भीतीपोटी ठरवू नये, एवढाच या कलमाचा हेतू.

कलम ४. माझी लहान हत्यारांची पेटी नेत्राने कुणालाही उसनी देऊ नये. कल्पेशला बघायला द्यावी, लांबून.

कलम ५. हे कलम नंतर जोडले आहे. वरील मजकूर चहाच्या वेळी घरात वाचून दाखवला. नेत्राने कलम तीन पुन्हा वाचायला लावले.

"म्हणजे मी तीन वर्षं आले नाही, तरी माझंच?"

"तेरा वर्षं नाही आलीस तरी."

"आणि मेलात नाही तर? तोपर्यंत काकांनी कल्पेशला बसवलं तर?"

हा मुद्दा वकिलालाही सुचला नव्हता. सबब, मी हयात असतानाही कलम तीन मला स्वतःला लागू राहील, असे याद्वारे जाहीर करतो. कायद्यात असे बसते की नाही ते माहीत नाही. माझ्या घरात बसते.

त्यावर ती आत जाऊन फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, "मग जाते. सकाळचं कॉलेज आहे. आवडलं नाही तर परत येईन."

दुकान शुक्रवारी बंद राहील. मी सोबत येऊ का, असे विचारले. "गेटपर्यंत," म्हणाली. मी कॉलेजचे गेट आजवर बाहेरूनच पाहिले आहे, तेव्हा रस्ता मला पाठ आहे. गेटपर्यंत जाईन, आणि ती आत दिसेनाशी होईपर्यंत उभा राहीन. याचा मृत्यूशी काही संबंध नाही, तरी नोंद असावी.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांना यातून चहाखेरीज काही मिळालेले नाही.

स्थळ : अंबरनाथ पूर्व
तारीख : १७ जून २०२५

(सही) भगवंत नाथा भोईर

साक्षीदार :
१. (सही) नरेंद्र बबन साळवे, शेजारी
२. (सही) मनोहर लछमनदास, उल्हासनगर कॅम्प ५. सही नाराजीने केली, पण केली.