लोकांचं सोनं, माझं घर

३ मार्च, सोमवार
पुन्हा 'नाही'! घरात धंदा करता? मग घराचा विमा मिळणार नाही. धंदा कसला — मी एक, सुई एक. बायकांच्या ठुश्या, बोरमाळा, मंगळसूत्रं गाठवून देते. पण सोनं माझं नाही, लोकांचं. म्हणे तिथंच अडतं.

फोनवरच्या माणसानं काय विचारावं? "मॅडम, घरी एकूण सोनं किती असतं? आणि घराला कुलूप कधी असतं?" फोनच ठेवला. चोर तरी दुसरं काय विचारेल!

५ मार्च
पूर्वी विम्याची गरजच नव्हती. आईच्या काळापासूनची रीत — बाई समोर बसणार, मण्यांवर डोळा ठेवणार, माळ पुरी झाली की गळ्यात घालूनच उठणार. एक मणी इकडचा तिकडं व्हायला नको म्हणून. बावीस वर्षं त्या नजरा माझ्या बोटांवर आहेत. राग येतो. मी काय चोर आहे?

आता नोकरीवाल्या बायकांना वेळ नाही. डबीत घालून ठेवून जातात, दोन दिवसांनी नेतात. मागच्या गल्लीत घरफोडी झाल्यापासून माझा जीव टांगणीला. एक ठुशी गेली तर भरून कुठून देऊ? आणि भरून दिली तरी नाव गेलंच.

११ मार्च
विमा एजंट आला — उन्मेष. फार गोड बोलतो, म्हणजे जपून! "ताई, 'धंदा न्हाय' असं लिवून टाका की. कोण बघाय येतंय?" आज नाही येणार. चोरी झाल्यावर बरोबर येतील, आणि म्हणतील बाई खोटं बोलली. तसं तोंडावर सांगितलं.

"तुमी लई संशयी हाईसा!" म्हणाला. आहेच!

जाता जाता कपाटाचा फोटो काढला. समोर उभं राहून पुसायला लावला.

१९ मार्च
आईच्या वेळेपासून येणाऱ्या बयाबाईंची बोरमाळ परत तुटली. महिन्यात दुसऱ्यांदा! माझा दोरा वर्ष वर्ष हलत नाही, मग यांचाच कसा तुटतो? चार बायकांत माझं नाव खराब करायचं असणार. तीन तास बसल्या. डोळे बोटांवर, तोंड चालूच — "भैरवे, तुज्या आईचा हात बी असाच हुता बग." दोनदा चहा झाला. उठताना मी मणी मोठ्यानं मोजून दाखवले. उगाच बोल नको.

२४ मार्च
उन्मेषनं शोधून काढलंच! घर, घरातला धंदा आणि कामाला आलेलं लोकांचं सोनंसुद्धा — सगळं एका पॉलिसीत. भिंग लावून तीनदा वाचलं. सोनं तिजोरीत हवं. वजन लिहून बाईची सही घ्यायची. आणि काम चालू असताना त्या खोलीत बाहेरचं कुणी बसायचं नाही.

शेवटचं वाचून हसूच आलं. कंपनीलाही बायकांचा संशय! बरंच झालं. सही केली.

२ एप्रिल
आठवडाभर कुणी समोर नाही. बोटं कशी मोकळी चालतात!

आज बयाबाई आल्या, पुन्हा तुटलेली माळ घेऊन. दारातच सांगितलं — डबी द्या, परवा या.

"आत न्हाय बसायचं?"

नाही मावशी, विम्याचा नियम आहे.

"मला बी?"

सगळ्यांनाच.

माळ दिली नाही. पदरात गुंडाळून परत घेऊन गेल्या. म्हणजे बघा! सोनं माझ्यापाशी ठेवायला धीर होत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं तेच खरं.

१२ एप्रिल, शनिवार
बयाबाईंची सून आली, संयोगिता. बोरमाळ सरळ माझ्या हातावर ठेवली. मी वही पुढं केली, सहीसाठी.

"सही करतो की काकू. पर सासूबाईंना आत बसू द्या, एवढंच सांगाय आलोय. आमी दोघं कामावर, त्या दिसभर एकट्या. दोरा तुटत न्हाय, सासूबाईच कातरीनं कापत्यात. मी बघितलंय. तुमच्याकडं बसाय मिळतंय म्हणून."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. वही मिटली, माळ तिच्याच हातात दिली. उद्या सुई-दोरा घेऊन मीच त्यांच्या घरी जाते. तिथल्या कामाला विमा लागू होतो का, ते उन्मेषला विचारणार नाही.