गल्लीतल्या वेड्याची चाल

८ जानेवारी

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. मी खुशाल आहे, तुम्हीही असाल असं धरून चालतो. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तू काजं करताना फोन काउंटरवर मोठ्या आवाजात ठेवतेस. शेजारी मशीनवर बाबा, समोर मापं द्यायला आलेली दोन-तीन गिऱ्हाइकं. मला एवढे श्रोते नकोत.

शेवटचं वर्ष संपत आलं. या अ‍ॅनिमेशनच्या संस्थेचं नाव मोठं लक्षण खोटं, हे मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "तुला आजवर कुठं काय आवडलंय?" तर ऐक. पहिलं वर्षभर आम्ही एक चेंडू उडवला. वर जाताना हळूहळू मंदावतो, खाली येताना जोर धरतो. हे पाच वर्षांच्या पोराला कळतं, पण आमचे सर ते असं सांगतात की जणू चेंडू त्यांनीच शोधला. आम्ही त्यांना चेंडूसर म्हणतो. त्यांनी स्वतः शेवटचं काम केलं ते टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या किड्याचं. त्याला वीस वर्षं झाली. तो किडा ते अजून दर सत्राला दाखवतात आणि आम्ही टाळ्या वाजवतो.

वर्गात अकरा जण. त्यातल्या सातांच्या डोक्यात एकच मुलगी आहे. डोळे बशीएवढे, केस निळे, हातात तलवार. ती कुठं निघाली आहे, कुणावर चिडली आहे, काही पत्ता नाही. नुसती उभी. चालायला लावली की घसरते. एकाची तर उजवा हात आणि उजवा पाय एकदम पुढे टाकते! ही पहिल्या आठवड्यातली चूक, आणि हे महाशय तिसऱ्या वर्षाला आहेत. माणसाच्या उजव्या पायाबरोबर डावा हात जातो, हे कळायला फी भरावी लागत नाही, रस्त्यावर उभं राहिलं तरी पुरतं. पण हे लोक रस्त्यावर बघतील कशाला? बघायचं ते फक्त दुसऱ्यांची चित्रं.

आता कामाचं. नोकरी मागायला शोरील पाठवावी लागते, म्हणजे आपल्या चांगल्यात चांगल्या कामाची मिनिटभराची फिल्म. बाकीचे त्यात राक्षस, स्फोट, उडत्या गाड्या कोंबतील. मी एकच माणूस चालवणार आहे. त्यासाठी तू एक कर. बाबा दुकानातून निघून कोपऱ्यापर्यंत जातात, तेवढा व्हिडिओ काढ. बाजूनं काढ, आणि त्यांना कळू देऊ नकोस. कळलं की संपलं. वयस्कर माणसाच्या चालीचा अभ्यास आहे, एवढंच समज.

बाबांना नमस्कार सांग. किंवा नकोच सांगू, पत्राचा विषय निघेल.

तुझा धाकटा भाऊ

३ मार्च

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार, आणि त्यापाठोपाठ तक्रार. एवढंसं काम सांगितलं होतं. तू त्यांना सांगितलंस ना? कडक इस्त्रीचा शर्ट, पाडलेला भांग, आणि गळ्यात टेप नाही! टेपशिवाय बाबा आजवर कुणी पाहिलेत? आणि चाल काय ती! छाती काढून, नजर समोर, परेडला निघाल्यासारखे. त्यात उजवा हात आणि उजवा पाय एकदम. आमच्या वर्गातली ती तलवारवाली बरी म्हणायची. आठ वेळा बघितला. एक सेकंदसुद्धा कामाचा नाही.

अर्थात माझं अडलं नाही. ती चाल मला पाठच आहे. कशी, ते तुला माहीत आहे. उकरून काढू नकोस.

निघायच्या आधी उजवी टाच दोनदा आपटायची, मशीनला गती द्यावी तशी. मग तीन पावलं घाईची, एक रेंगाळतं. मान डावीकडे कललेली, शिवण सरळ चालली आहे ना ते बघायला. तीस वर्षं पायमशीन चालवलेला माणूस मशीनवरून उठतो, पाय उठत नाही. हे सगळं मी चोवीस दिवस बसून काढलं. चेंडूसरांनी बघितलं आणि म्हणाले, "छान, पण पार्श्वभूमीला थोडं धुकं टाक." कशाला टाकू? तुमचा किडा लपवायला?

बातमी अशी की मला एका स्टुडिओनं घेतलं. लहान मुलांची मालिका करतात. उत्साहानं उड्या मारू नकोस, जागा बघशील तर हसशील. खिडक्यांवर काळे पडदे, आत अशी थंडी की सगळे स्वेटर घालून बसतात. प्रत्येकाच्या टेबलावर प्लास्टिकच्या बाहुल्या मांडलेल्या. तिशीतली दाढीवाली माणसं, एकमेकांच्या बाहुल्यांना हात लावला म्हणून दिवसभर रुसून बसतात. मुख्य आहेत त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. बाईंचं बोलणं तोडून टाकणारं, पण काम कळतं, एवढं मान्य करावं लागेल. माझी शोरील त्यांनी तीनदा बघितली. तिसऱ्यांदा मोठ्यानं हसल्या आणि बाकीच्यांना बोलावलं. "हा कोण रे?" विचारलं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

मालिकेत एक चोर आहे. दर भागात काहीतरी चोरायला येतो आणि पकडला जातो. त्याला माझी चाल दिली आहे. पोरं हसून लोळतील म्हणतात.

पहिला महिना परीक्षेचा, मग कायम करायचं की नाही ते ठरवतील. बाबांना नोकरी लागली एवढंच सांग. चोराचं इतक्यात बोलू नकोस.

तुझा धाकटा भाऊ

२१ एप्रिल

तीर्थरूप बाबांना,

साष्टांग नमस्कार. नुसता लिहिण्यापुरता नाही.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितोय. ताईला लिहिलेली दोन्ही पत्रं तुम्ही वाचलीत, असं तिनं कळवलं. तिनं ती मुद्दामच तुमच्या कात्रीखाली ठेवली असणार. त्याखाली पत्रात आणखी चारच ओळी होत्या. "व्हिडिओसाठी बाबांनी अर्धा तास दुकान बंद ठेवलं. शर्टाला स्वतः इस्त्री केली. म्हणाले, पोराच्या कामाला लागणार आहे, जरा नीट चालतो. आणि तू मात्र खाल्ल्या घरचे वासे मोज." खाली सहीसुद्धा नाही.

मी ताईला जे लिहिलं नाही, ते आधी लिहितो. बाईंनी "हा कोण रे?" विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आमच्या गल्लीत एक वेडा आहे." सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं.

त्या चालीच्या फाइलीला नाव पडलं 'वेडा'. चोर जिथं जिथं येतो, तिथं तिथं तीच फाइल उघडते. त्यामुळे दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर आरोळ्या चालायच्या. "वेड्याला डावीकडे घे." "वेड्याची टाच नीट वाजत नाही." चाल अंगात यावी म्हणून ती दाढीवाली माणसं उठून टेबलांमधल्या वाटेत तशी चालून बघायची, खिदळायची. मी त्यांना सुधारायचो. टाच एकदा नाही, दोनदा. मान डावीकडे. मला त्यांची किळस यायची. वाटायचं, चुकतात म्हणून येते.

ही नक्कल मला नवी नव्हती. सहावीत असताना शाळेच्या फाटकापाशी हीच चाल करून मी पोरांना हसवायचो. एकदा मी विसरलेला डबा घेऊन तुम्ही आलात. मी वळलो तर तुम्ही मागेच उभे. तुम्ही डबा शिपायाकडे दिलात आणि परत फिरलात. जाताना टाच आपटली नाहीत. त्यानंतर डबा राहिला की ताई आणायची. मी तुम्हाला कधी विचारलं नाही, कारण मला उत्तर माहीत होतं. जगाला नावं ठेवायला मी एवढा शहाणा, आणि स्वतःच्या बाबतीत अकरा वर्षं गप्प!

ताईचं पत्र आलं त्या दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, मी फाइलीचं नाव बदललं. 'वेडा' खोडलं आणि 'बाबा' लिहिलं. कुणाच्या लक्षात येणार आहे, असं वाटलं. हात दाखवून अवलक्षण! कॉम्प्युटर माणूस ओळखतो तो फक्त नावावरून. नाव बदललं की त्याला तो सापडत नाही. हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलेलं असतं. निळ्या केसांच्या मुलींना हसणारा मी, तीन महिने शिकलेल्या पोरालाही शोभणार नाही अशी चूक करून बसलो.

लोक जेवून आले तर बेचाळीस दृश्यांतून चोर नाहीसा. रस्ता आहे, दिवे आहेत, शिट्टी फुंकत पोलीस धावतोय, आणि त्याच्या पुढे कुणी नाही. आवाज तेवढा वेगळा ठेवलेला असतो, म्हणून तो राहिला होता. रिकाम्या रस्त्यावरून नुसती टाच वाजत येत होती. टक, टक. मग तीन घाईची, एक रेंगाळणारं. खोलीत सगळे ओरडत होते आणि मला तेवढंच ऐकू येत होतं.

बाई म्हणाल्या, "वेडा कुणी हलवला?"

मी उभा राहिलो. म्हणालो, "मी. पण ते वेडे नाहीत. माझे बाबा आहेत. शिंपी आहेत."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि थांबलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "बरं," म्हणाल्या, "दोनातलं एक कर. जुनं नाव परत दे, पाच मिनिटांचं काम आहे. नाहीतर बेचाळीस दृश्यं एकेक उघड आणि हातानं जोड. काय नाव ठेवायचं ते ठेव, पण चोर मला शुक्रवारी हवा."

पाच मिनिटांचं काम मी केलं नाही. तीन दिवस एकेक दृश्य उघडत बसलो. शेजारचा टेबलवाला, बाहुल्यांवरून रुसणारा, सारखा डोकावायचा. शेवटी म्हणाला, "एका नावासाठी? वेडा आहेस का तू?" चला, शब्द योग्य पत्त्यावर पोचला. शुक्रवारी चोर परत आला. बाईंनी तो बघितला, माझ्या परीक्षेचा एक महिना वाढवला, आणि दारातून वळून म्हणाल्या, "बाबांच्या टाचेचा आवाज जरा वाढव." 'बाबांच्या' म्हणाल्या. एवढंच लिहायचं होतं.

मालिका पुढच्या महिन्यात लागेल. चोर येईल, टाच आपटेल, पोरं हसतील. ते मला थांबवता येणार नाही. खरं सांगायचं तर थांबवायचंही नाही, कारण काम चांगलं झालंय. तुम्ही बघा असं कुठल्या तोंडानं सांगू? नाही बघितलंत तर मी समजून घेईन.

तुमचा व्हिडिओ बिनकामाचा आहे, असं मी ताईला लिहिलं होतं. तो मी आता रोज बघतो. उजवा हात, उजवा पाय. चूकच आहे ती. माझ्यासाठी नीट चालायच्या नादात झालेली. ती मी कुठल्याही चोराला देणार नाही.

सुट्टी मिळाली की येतो. दुकान बंद केल्यावर कोपऱ्यापर्यंत तुमच्याबरोबर चालेन. इस्त्रीचा शर्ट नको. टेप गळ्यात राहू द्या. आणि निघायच्या आधी टाच दोनदा आपटा बाबा, मी शेजारी असलो तरी.

तुमचा,
गल्लीतला वेडा